विश्लेषण : सुरी थांबली, मेंढा आला... बकरी ईदची गोष्ट ज्यू आणि ख्रिस्ती धर्मांतही कशी?

बकरी ईदला आठवडा उरला की आलापल्लीत आमच्या शेजारच्या अंगणात बोकड बांधला जातो. गल्लीतली पोरं शाळेतून आली की त्याला पाला चारतात. दोन दिवसांत त्याचं नावही ठेवतात. मागच्या खेपेला सात वर्षांच्या भाचीनं मला विचारलं, ‘मामा, त्या बापानं खरंच आपल्या पोराले मारलं का?’ ईदमागची गोष्ट तिनं शेजारच्या चाचींकडून अर्धीच ऐकली होती. मध्येच नळाला पाणी आलं आणि चाची हंडा घेऊन धावल्या.

उत्तर एका शब्दाचं आहे. नाही. पण हीच गोष्ट ज्यू आणि ख्रिस्ती धर्मग्रंथांतही आहे. मुलाचं नाव बदलतं, जागा बदलते, अर्थही बदलतो. न बदलणारी गोष्ट एकच : सुरी चालत नाही. तिन्ही धर्मांत ही कथा कशी सांगितली जाते, कुठे जुळते, कुठे वेगळी होते आणि मराठी मुलखाशी तिचं नातं काय, हे समजून घेऊया.

मूळ गोष्ट काय आहे?

ज्यूंच्या तोराहमधलं पहिलं पुस्तक म्हणजेच ख्रिस्ती बायबलमधलं पहिलं पुस्तक, ‘उत्पत्ती’. त्याच्या २२व्या अध्यायात ही कथा येते. सगळी मिळून जेमतेम १९ वचनांची. अब्राहामाला वयाच्या शंभराव्या वर्षी सारेपासून इसहाक हा मुलगा झाला. देव त्याची परीक्षा पाहतो आणि सांगतो की या लाडक्या मुलाला मोरिया प्रदेशात घेऊन जा आणि तिथल्या एका डोंगरावर त्याचं होमार्पण कर.

अब्राहाम पहाटे उठतो. गाढवावर खोगीर घालतो, लाकडं फोडतो, दोन गडी आणि मुलगा यांना घेऊन निघतो. तिसऱ्या दिवशी डोंगर दिसतो. गड्यांना खालीच थांबवून बापलेक वर चढतात. लाकडं मुलाच्या पाठीवर, विस्तव आणि सुरी बापाच्या हातात. वाटेत इसहाक विचारतो की विस्तव आहे, लाकडं आहेत, पण कोकरू कुठे आहे? बाप म्हणतो, ते देव पाहून घेईल.

वर गेल्यावर वेदी रचली जाते, मुलाला बांधलं जातं, सुरी उचलली जाते. तेवढ्यात आकाशातून दूताची हाक येते आणि हात थांबतो. मागे झुडपात शिंगं अडकलेला एक मेंढा दिसतो. मुलाच्या जागी त्याचा बळी दिला जातो.

कथेत वर्णन जवळजवळ नाहीच. बापाच्या मनात काय चाललंय, मुलगा रडला का, आईला हे माहीत होतं का, यातलं काहीही सांगितलेलं नाही. या रिकाम्या जागा भरण्यात पुढची दोन हजारांहून अधिक वर्षं गेली.

ज्यू धर्मात या कथेला काय म्हणतात?

हिब्रू भाषेत या प्रसंगाचं नाव ‘अकेदा’. अर्थ आहे ‘बांधणं’. म्हणजे ज्यू परंपरेनं नाव ठेवतानाच ‘बळी’ हा शब्द वापरला नाही. मुलगा बांधला गेला, बळी गेला नाही, हे नावातच आलं.

ज्यू नववर्षाच्या, म्हणजे रोश हशानाच्या दुसऱ्या दिवशी सभास्थानात हा अध्याय वाचला जातो. त्या सणात ‘शोफार’ नावाचं वाद्य फुंकतात. ते मेंढ्याच्या शिंगाचं असतं, आणि परंपरा त्याचा संबंध झुडपात अडकलेल्या त्या मेंढ्याशी जोडते.

आदल्या दिवशी, म्हणजे नववर्षाच्या पहिल्या दिवशी, २१वा अध्याय वाचतात. त्यात अब्राहामाचा दुसरा, वयानं थोरला मुलगा इश्माएल येतो. तोच इस्लाममधला इस्माईल. त्याची आई हागार हिला मुलासह घराबाहेर काढलं जातं. रानात पाणी संपतं, मुलगा मरणार असं वाटत असताना आकाशातून दूताची हाक येते आणि हागारला विहीर दिसते. म्हणजे ज्यू नववर्षाच्या दोन दिवसांत अब्राहामाची दोन्ही मुलं मरणाच्या दारातून परत येतात.

इसहाकाचं वय काय होतं, यावरही चर्चा आहे. चित्रांत तो लहान दिसतो. पण ज्यू परंपरेतल्या एका हिशेबानुसार तो ३७ वर्षांचा होता. हिशेब सोपा आहे. इसहाक झाला तेव्हा सारा ९० वर्षांची होती. तिचा मृत्यू १२७व्या वर्षी झाला आणि तो या कथेनंतर लगेच पुढच्या अध्यायात येतो. १२७ वजा ९० म्हणजे ३७. हे मान्य केलं तर इसहाक हा अजाण पोर राहत नाही. म्हाताऱ्या बापाला तो सहज अडवू शकला असता. म्हणजे त्याचीही तयारी होती, असं हे वाचन सांगतं. आईनं मात्र बातमी ऐकली आणि प्राण सोडला, असंही काही ज्यू कथांमध्ये येतं.

महाराष्ट्रातले ज्यू ही गोष्ट कशी सांगायचे?

महाराष्ट्रात, विशेषतः रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर, बेने इस्रायल हा मराठी बोलणारा ज्यू समाज शतकानुशतकं राहिला. अलिबागजवळच्या नवगाव किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचं जहाज फुटलं, अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. आडनावं गावावरून पडलेली : दिवेकर, किहीमकर, अष्टमकर.

त्यांच्या सणांची नावंही मराठी होती. रोश हशानाला ते ‘नव्याचा सण’ म्हणत. म्हणजे सुरी थांबल्याची ही गोष्ट कोकणात नव्याच्या सणाची गोष्ट झाली.

१९व्या शतकाच्या उत्तरार्धात या समाजातल्या मंडळींनी कीर्तनाचा मराठी साज उचलला. पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी, आर्या सगळं आपल्याच कीर्तनासारखं, फक्त आख्यान तोराहमधलं. अब्राहामाचं चरित्र हा अशा कीर्तनांचा एक विषय होता. तेव्हाच्या मुंबईतल्या श्रोत्यांना हिब्रू येत नव्हती, पण टाळ-मृदंगाची भाषा कळत होती.

१९४८ नंतर या समाजातले बहुतेक लोक इस्राएलला गेले. तिथेही त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. महाराष्ट्र सरकारनं २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. आज राज्यात त्यांची संख्या थोडी आहे, पण मुंबईतल्या आणि अलिबागच्या सभास्थानात शोफार आजही वाजतो.

ख्रिस्ती धर्मात बकरी ईदसारखा सण का नाही?

ख्रिस्ती लोक हाच २२वा अध्याय वाचतात आणि मुलगा इसहाकच मानतात. पण त्यांच्यासाठी ही कथा पुढे घडणाऱ्या दुसऱ्या घटनेची खूण आहे. इसहाक स्वतःच्या बलिदानाचं लाकूड पाठीवर घेऊन डोंगर चढला, तसा येशू क्रूस घेऊन चढला. एका बापानं लाडका मुलगा द्यायची तयारी दाखवली, तसा देवानं आपला पुत्र दिला. फरक इतकाच की पहिल्या डोंगरावर हात थांबला, दुसऱ्यावर थांबला नाही.

त्यामुळे येशूला ‘देवाचा कोकरा’ म्हणतात आणि आणखी पशुबळी देण्याची गरज उरली नाही, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. नव्या करारातल्या ‘इब्री लोकांस पत्र’ या पुस्तकाच्या ११व्या अध्यायात अब्राहामाच्या विश्वासाचं कारणही दिलं आहे. देव मेलेल्यालाही उठवू शकतो, असा त्याचा भरवसा होता. रोमन कॅथलिक विधीत ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणाच्या प्रार्थनेत हा अध्याय वाचायच्या वाचनांमध्ये आहे.

मराठीत बायबलच्या कथा आणण्याचं काम चारशे वर्षांपूर्वी सुरू झालं. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराण’ लिहिलं. ते १६१६ मध्ये छापलं गेलं. सुमारे ११ हजार ओव्या, आणि पहिल्या भागात सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या करारातला विषय. ज्ञानेश्वरांची, एकनाथांची ओवी ज्यांच्या कानात बसली होती, त्यांना त्यांच्याच छंदात सांगायचं, हा त्यामागचा विचार. पुढे पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणलं.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागातल्या ख्रिस्ती समाजात अनेक पंथ आहेत. त्यातल्या सायरो-मलबार कॅथलिक पंथाच्या चांदा धर्मप्रांताचं मुख्य ठिकाण बल्लारपूरला आहे.

इस्लाममध्ये ही कथा कशी येते?

कुराणाच्या ३७व्या सूरेत, ‘अस्-साफ्फात’मध्ये, ही कथा थोडक्यात आहे. इब्राहिम चांगल्या मुलासाठी प्रार्थना करतात. एका सहनशील मुलाची शुभवार्ता मिळते. मुलगा बापाबरोबर कामाला जाण्याइतका मोठा होतो तेव्हा इब्राहिम त्याला सांगतात की मी तुझी कुर्बानी देत असल्याचं स्वप्न पाहिलं, तुझं काय मत आहे?

इथे कथेनं मोठं वळण घेतलं आहे. बायबलमध्ये मुलाला शेवटपर्यंत काही सांगितलं जात नाही. कुराणात बाप आधी मुलाला विचारतो. मुलगा म्हणतो की आज्ञा झाली आहे तसं करा, मी धीर धरीन. दोघंही आज्ञा मानतात, बाप मुलाला पालथं झोपवतो आणि तेव्हाच हाक येते : स्वप्न खरं करून दाखवलंस, पुरे झालं. मुलाच्या बदल्यात ‘मोठी कुर्बानी’ दिली गेली, एवढं कुराण सांगतं. तो मेंढा होता, हा तपशील परंपरेत येतो.

या घटनेची आठवण म्हणजे ईद-उल-अजहा, आपल्याकडची बकरी ईद. ती जिल्हज महिन्याच्या १० तारखेला येते, हज यात्रेच्या दिवसांत. मक्केजवळच्या मीना इथे यात्रेकरू तीन खांबांवर खडे मारतात. इब्राहिमांना आज्ञेपासून परावृत्त करू पाहणाऱ्या सैतानाला त्यांनी तिथे खडे मारून हाकललं, अशी श्रद्धा आहे. सफा आणि मरवा या टेकड्यांमधल्या सात फेऱ्या हाजरांची, म्हणजे हागारची, पाण्यासाठीची धावाधाव आठवण्यासाठी असतात.

मुलगा नेमका कोण? इसहाक की इस्माईल?

बायबलमध्ये नाव स्पष्ट आहे, इसहाक. कुराणातल्या या प्रसंगात मुलाचं नाव येत नाही. त्यामुळे सुरुवातीच्या काळात मुस्लिम विद्वानांतही दोन मतं होती. ९२३ मध्ये निधन झालेले मोठे भाष्यकार अल्-तबरी यांनी इसहाकच्या बाजूनं कौल दिला होता. १४व्या शतकातले इब्न कसीर इस्माईलच्या बाजूनं ठाम होते. आज जगभरातले बहुसंख्य मुस्लिम इस्माईल मानतात.

इस्माईलच्या बाजूचे दोन मुद्दे नेहमी सांगितले जातात. एक, कुराणात ही कथा संपल्यावर इसहाकच्या जन्माची शुभवार्ता येते, म्हणजे कथेतला मुलगा त्याच्या आधीचा असला पाहिजे. दोन, बायबलमध्ये ‘एकुलता एक’ असा शब्द आहे, आणि धाकटा इसहाक कधीच एकुलता नव्हता. यावर ज्यू आणि ख्रिस्ती विद्वानांचं उत्तर असं की नाव तिथेच लिहिलेलं आहे, आणि इस्माईल त्याआधीच घराबाहेर गेला होता.

हा वाद केवळ पोथीतला नाही, कारण वारसा कोणाचा हा प्रश्न त्याला चिकटला आहे. पण ‘उत्पत्ती’च्या २५व्या अध्यायात एक नोंद आहे, जी सहसा कुणी सांगत नाही. अब्राहाम वारल्यावर इसहाक आणि इश्माएल या दोन्ही भावांनी मिळून त्याला मूठमाती दिली. ती जागा हेब्रॉनमध्ये आहे असं ज्यू आणि मुस्लिम दोघंही मानतात. आज त्या एकाच इमारतीचे दोन भाग आहेत, एक ज्यूंचा आणि एक मुस्लिमांचा. २५ फेब्रुवारी १९९४ रोजी तिथे नमाज पढणाऱ्या २९ जणांना एका ज्यू बंदूकधाऱ्यानं ठार मारलं. त्याआधी १९२९ मध्ये त्याच शहरात ६०हून अधिक ज्यूंची कत्तल झाली होती. ज्या बापाचा हात थांबला म्हणून दोघं त्याचं नाव घेतात, त्याच्याच थडग्याच्या गावात हे घडलं.

थोडक्यात फरक काय?

* मुलगा : ज्यू आणि ख्रिस्ती मानतात इसहाक, मुस्लिमांमध्ये प्रचलित मत इस्माईल.
* जागा : बायबलमध्ये मोरिया. बायबलच्याच दुसऱ्या पुस्तकानुसार जेरुसलेमचं मंदिर तिथे उभं राहिलं. मुस्लिम परंपरेत मक्केजवळचं मीना.
* मुलाला माहीत होतं का : बायबलमध्ये सांगितलेलं नाही, कुराणात बाप मुलाला विचारतो.
* आठवण कशी : ज्यू नववर्षाला वाचन आणि शोफार, ख्रिस्ती ईस्टरच्या काळात वाचन, मुस्लिम ईदची कुर्बानी.
* शेवट : तिन्हींत मुलगा वाचतो.

‘कुर्बानी’ शब्दाचा अर्थ काय? आणि मग बोकडाचं काय?

अरबी ‘कुर्बान’ आणि हिब्रू ‘कोरबान’ हे सख्खे शब्द आहेत. दोन्हींचं मूळ एकच, ‘जवळ येणं’. हिंदीतला ‘करीब’ त्याच मुळाचा. म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ मारणं किंवा गमावणं असा नाही, देवाच्या जवळ जाणं असा आहे.

जनावराचं काय, हा प्रश्न आजचा नाही. कुराणाच्या २२व्या सूरेत स्पष्ट म्हटलं आहे की मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत पोहोचत नाही, पोहोचते ती तुमची भक्ती. हिब्रू संदेष्ट्यांनीही नुसत्या पशुबळीवर कडक टीका केली. मीखा या संदेष्ट्यानं तर विचारलं की देवाला काय हवं, हजारो मेंढे की माझा पहिला मुलगा? आणि उत्तर दिलं : न्यायानं वागणं, दया, नम्रता.

कुर्बानीचे नियमही याच दिशेचे आहेत. बोकड किमान एक वर्षाचा, आंधळा, लंगडा, आजारी नसलेला हवा, म्हणजे नको असलेलं देऊन मोकळं होता येत नाही. मांसाचे तीन वाटे करण्याची रीत आहे : एक घराचा, एक नातेवाईक आणि मित्रांचा, एक गरिबांचा. ज्याची ऐपत नाही त्याच्यावर सक्ती नाही.

बदली बळीची कल्पना आपल्यालाही नवी नाही. नवरात्रात किंवा वास्तुशांतीला कोहळा फोडतात, तो अनेक ठिकाणी जनावराच्या जागी आलेला आहे. आलापल्लीच्या पलीकडे माडिया आणि गोंड गावांत पेन-पूजेला कोंबडा, बोकड दिला जातो आणि मग गाव एकत्र जेवतं.

एक गैरसमज इथेच दूर करूया. मराठीत आपण ‘बळीचा बकरा’ म्हणतो तो या कथेतला नाही. तो ज्यूंच्या दुसऱ्या विधीशी जुळतो. ‘लेवीय’ या पुस्तकाच्या १६व्या अध्यायात दोन बकरे येतात. एकाचा बळी देतात आणि दुसऱ्यावर लोकांची पापं लादून त्याला रानात सोडतात. अब्राहामाच्या मेंढ्यावर कुणाचं पाप लादलेलं नव्हतं.

बकरी ईद आणि आषाढी एकाच दिवशी कशी येते?

इस्लामी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं. म्हणून ईद दरवर्षी १०-११ दिवस आधी सरकते. आपलं पंचांगही चंद्रावरच चालतं, पण अधिक महिना घालून ते ऋतूंशी जुळवलं जातं. जिल्हजची १० तारीख म्हणजे चंद्र दिसल्यापासून दहावा दिवस. ती नेहमी शुद्ध पक्षातल्या दशमी-एकादशीच्या आसपासच पडते. जिल्हज महिना आषाढावर आला की दोन सण भेटतात.

१० जुलै २०२२ आणि २९ जून २०२३ या दोन्ही तारखांना आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. २०२३ मध्ये राज्यातल्या अनेक गावांतल्या मुस्लिम समाजानं त्या दिवशी कुर्बानी न करण्याचा निर्णय घेतला. नमाज झाली, कुर्बानी दुसऱ्या दिवशी. धर्माच्या दृष्टीनं यात अडचण नव्हती, कारण भारतात बहुसंख्य असलेल्या हनाफी परंपरेत १०, ११ आणि १२ जिल्हज या तिन्ही दिवशी कुर्बानी चालते. शेजाऱ्याचा उपास आहे म्हणून सुरी एक दिवस थांबली.

आपल्याकडे अशी गोष्ट आहे का?

मराठी घरात ही कथा ऐकली की आधी आठवतो चिलया बाळ. श्रियाळ राजा आणि चांगुणा राणीकडे शंकर अतिथीच्या रूपात येतो आणि त्यांच्या मुलाचंच मांस मागतो. श्रीधर कवींच्या ‘शिवलीलामृता’मुळे ही कथा घराघरांत गेली. इथे सुरी थांबत नाही. आई स्वतः मुलाचं मस्तक उखळात कांडते आणि शेवटी देव मुलाला परत देतो. या कथेत चांगुणेचं दुःख पुढे येतं. बायबलच्या त्या अध्यायात सारा एकदाही दिसत नाही.

त्याहून जवळची कथा ‘ऐतरेय ब्राह्मणा’तल्या शुनःशेपाची. हरिश्चंद्र राजानं वरुणाला मुलगा द्यायचं कबूल केलेलं असतं. वेळ आल्यावर मुलगा रोहित रानात निघून जातो आणि अजीगर्त नावाच्या भुकेल्या ब्राह्मणाचा मुलगा, शुनःशेप, १०० गाईंना विकत घेतो. मुलाला खांबाला बांधायला कुणी पुढे येत नाही. तेव्हा बाप आणखी १०० गाई घेऊन स्वतःच बांधतो, आणि आणखी १०० घेऊन शस्त्र हातात घेतो. शुनःशेप देवांची प्रार्थना करतो, बंध तुटतात, तो सुटतो. बापाकडे परत जायला मात्र तो नकार देतो.

म्हणजे मुलाच्या बळीचा प्रश्न कुठल्या एका धर्माचा नाही. प्राचीन काळी पश्चिम आशियात मुलांचे बळी दिले जात, याचे उल्लेख बायबलमध्येच आहेत आणि ‘लेवीय’ पुस्तकात त्यावर बंदी आहे. म्हणून अनेक अभ्यासक अब्राहामाची कथा ‘देव मुलं मागत नाही’ हे सांगणारी कथा म्हणून वाचतात.

अब्राहामानं वाद का घातला नाही?

या कथेवरचा सगळ्यात टोचरा प्रश्न हाच आहे. सदोम शहर नष्ट होणार म्हटल्यावर हाच अब्राहाम देवाशी घासाघीस करतो. ५० नीतिमान माणसं सापडली तर वाचवशील का, ४५ तर, ४० तर, असं करत तो १० पर्यंत येतो. अनोळखी लोकांसाठी एवढं बोलणारा माणूस स्वतःच्या मुलाच्या वेळी गप्प का?

काही ज्यू विचारवंत म्हणतात की परीक्षा इथेच होती आणि त्यानं विरोध करायला हवा होता. डेन्मार्कचे तत्त्वज्ञ सोरेन किर्केगार्द यांनी १८४३ मध्ये याच कोड्यावर ‘फिअर अँड ट्रेम्बलिंग’ हे पुस्तक लिहिलं. पहिल्या महायुद्धात लढलेला इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेन यानं कथेचा शेवटच फिरवला. त्याच्या ‘द पॅरेबल ऑफ दि ओल्ड मॅन अँड द यंग’ या कवितेतला म्हातारा दूताचं ऐकत नाही, मेंढा नाकारतो आणि मुलाला मारतो. ओवेनला म्हणायचं होतं की युरोपातल्या म्हाताऱ्यांनी आपला अहंकार वाचवला आणि तरुण पोरं मारली. ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्ध थांबायच्या आठवडाभर आधी, तो स्वतः मारला गेला. तेव्हा त्याचं वय २५ होतं.

आलापल्लीत ही गोष्ट का वाचायची?

आलापल्लीच्या चौकात उभं राहिलं की एक रस्ता अहेरीकडे जातो, एक सिरोंच्याकडे, एक भामरागडकडे, एक आष्टीमार्गे चंद्रपूरकडे. बाजारात मराठी, तेलुगू, माडिया, हिंदी आणि बंगाली एकाच वेळी ऐकू येते. इथे शेजाऱ्याचा देव वेगळा असणं ही बातमी नाही.

बातमी वेगळीच होती, आणि ती माझ्या वयाच्या सगळ्यांनी लहानपणापासून ऐकली. १९८०च्या दशकापासून या जिल्ह्यातल्या आईबापांनी मुलं गमावली. कुणाची पोरं दलमकडे गेली, कुणाची सी-६० मध्ये, कुणाला खबरी म्हणून रात्री घरातून उचललं. पुष्कळदा दोन्हीकडची पोरं एकाच भाषेची, एकाच रानातली होती. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ सुरुंगस्फोटात १५ पोलीस जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक गेला. प्रत्येक बाजूकडे मोठं कारण होतं, आणि प्रत्येक कारणानं कुणाचा तरी मुलगा मागितला. दूताची हाक मात्र ऐकू आली नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा मोठा नेता भूपती यानं सुमारे ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. ज्यांची मुलं गेली त्यांची ती परत येणार नाहीत. पण हात खाली आला, हे खरं.

अब्राहामाची कथा तीन धर्मांनी तीन तऱ्हांनी वाचली. आज्ञा पाळण्याची तयारी सगळ्यांनी मोठी मानली. पण हेही तिन्हीकडे आहे की शेवटचा शब्द ‘थांब’ असा आला आणि तो वरूनच आला. मुलगा मागणारी पहिली आज्ञा ज्यांना पाठ आहे, त्यांनी दुसरीही पाठ ठेवायला हवी.

भाचीला मी एवढं सगळं सांगितलं नाही. ‘नाही मारलं, वाचला तो पोरगा,’ एवढंच म्हटलं. तिनं विचारलं, ‘कोणता पोरगा?’ मी म्हटलं, चाचीला विचार, आणि नाताळला चर्चमधल्या सिस्टरलाही विचार. दोघी वेगळं नाव सांगतील. पुढची गोष्ट मात्र दोघी सारखीच सांगतील.